वाचकांचे प्रश्न : धबधबा चढणारा नोपिली

गेल्या अंकात हवाई बेटांवरील ओढ्यांविषयी एक छोटी चौकट छापली होती. तीत नोपिली या लहानशा गोबी माशाचा उल्लेख होता, आणि या कुळातील काही मासे शंभर मीटरहून उंच धबधबे चढून जातात, असे एक वाक्य होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न निवडून येथे त्यांची उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : पहिल्या पावसात आमच्या पऱ्ह्यातून चढणीचे मासे वर येतात आणि लहान बांधावरून उड्या मारतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. परंतु शंभर मीटरच्या धबधब्यावर मासा उडी कशी मारेल? आणि आमच्या चढणीच्या माशांसारखाच तोही अंडी घालायलाच वर जातो का? — एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : हे मासे उडी मारत नाहीत. ते कातळाला चिकटून, इंचाइंचाने चढतात, आणि चढणारा मासा पूर्ण वाढलेला नसून बहुधा दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचे, नुकतेच समुद्रातून आलेले पिल्लू असते.

गोबी माशांच्या पोटाकडील दोन पर एकमेकांना जुळून त्यांची एक वाटोळी चकती झालेली असते. ती दगडावर टेकवून मासा तिचा मधला भाग किंचित उचलतो, आतला दाब कमी होतो आणि मासा तेथे घट्ट धरला जातो. बहुतेक गोबी या चकतीचा उपयोग प्रवाहात वाहून न जाण्यापुरताच करतात. हवाईतल्या काही जातींनी मात्र तिला चढाईचे साधन केले आहे, आणि त्यांच्या चढण्याच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत. अलामोओ, म्हणजे शास्त्रीय नावाने लेंटिपेस कॉन्कलर, आणि नाकेआ, म्हणजे अवाउस स्टॅमिनियस, हे दोघे हिसक्याने चढतात. चकती सोडायची, छातीचे पर अंगाशी ओढून घेत शरीराला जोराचा झोला द्यायचा, थोडे वर सरकायचे, पुन्हा चकती टेकवायची आणि दम खायचा, असा त्यांचा क्रम असतो. या विश्रांतीतच त्यांचा पुष्कळ वेळ जातो.

नोपिलीची, म्हणजे सिसिओप्टेरस स्टिम्प्सनीची, रीत निराळी आहे. त्याच्याकडे एक चकती पोटाशी असतेच, आणि दुसऱ्या चकतीचे काम त्याचे तोंड करते. ओल्या कातळावर त्याला जवळून पाहिले, तर आधी वरचा जाड ओठ पुढे सरकून दगडावर पसरतो आणि तोंड तेथे चिकटते. मग पोटाची चकती सुटते आणि शरीराचा मागचा भाग वर ओढला जातो. चकती पुन्हा घट्ट बसली की तोंड सुटते आणि आणखी थोडे पुढे टेकते. हे इतक्या सावकाश आणि इतक्या सातत्याने चालते, की मासा चढतो आहे हे कळायलाही क्षणभर टक लावून पाहावे लागते. शेपटीचा झोला त्याला लागत नाही आणि विश्रांतीही तो क्वचितच घेतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. समुद्रातून आलेल्या नोपिलीच्या पिल्लाचे तोंड आरंभी इतर सामान्य माशांप्रमाणे समोरच असते, कारण समुद्रात ते पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपून खात असते. ओढ्याच्या गोड्या पाण्यात शिरल्यावर सुमारे दोन दिवसांत त्याच्या कवटीची आणि जबड्याची ठेवण बदलते, तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला येते आणि वरचा ओठ मोठा होतो. हा बदल पूर्ण झाल्याखेरीज त्याला चढता येत नाही. पुढे आयुष्यभर दगडावरचे शेवाळ खरवडून खायलाही हेच तोंड त्याच्या कामी येते. वरच्या जबड्यात अतिशय बारीक, टोकाशी तीन फाटे असलेल्या दातांची दाट रांग असते आणि झिजलेल्या दातांच्या जागी सतत नवे दात येत राहतात. शेवाळ खरवडताना होणारी तोंडाची हालचाल आणि चढताना होणारी हालचाल यांत मोठे साम्य आहे, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळून टिपलेल्या चित्रफितींची मोजमापे करून दाखवण्यात आले. आधी खाणे आले आणि त्याचीच पुढे चढाई झाली, की चढाईतून ही खाण्याची पद्धत आली, याचा निवाडा त्या अभ्यासाने केलेला नाही, आणि तो न करण्यातला संयम मला महत्त्वाचा वाटतो.

उंचीविषयी बोलायचे, तर हवाई बेटांपैकी हवाई याच नावाच्या बेटावर कोलेकोले ओढ्याचा आकाका धबधबा सुमारे १३५ मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावरील प्रवाहात अलामोओ राहतो. नोपिली सहसा इतक्या वर जात नाही. ओढ्याच्या मधल्या टप्प्यात त्याची वस्ती अधिक असते. दोन सेंटिमीटरच्या पिल्लाला आकाकाची चढण म्हणजे स्वतःच्या लांबीच्या पावणेसात हजार पट अंतर होते. पावणेदोन मीटरहून थोड्या कमी उंचीच्या माणसाने याच हिशेबाने चढायचे ठरवले, तर त्याला अकरा किलोमीटरहून अधिक सरळ उभे चढावे लागेल, आणि एव्हरेस्टची समुद्रसपाटीपासूनची उंचीच ८,८४९ मीटर आहे. अर्थात येथे लहान असण्याचाच फायदा आहे. शरीर वाढते तेव्हा वजन घनाच्या प्रमाणात वाढते आणि चकतीचे क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे पिल्लाला स्वतःचे वजन पेलणे जितके सोपे, तितके ते मोठ्या माशाला राहत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. कोकणात वलगणीचे, म्हणजे चढणीचे, मासे वर येतात, ते पूर्ण वाढलेले असतात, पोटात गाबोळी असते, आणि पाणी भरलेल्या खाचरांत वा उथळ ओहोळांत अंडी घालणे हाच त्यांचा हेतू असतो. नोपिलीचे पिल्लू वर जाते ते राहण्यासाठी. त्याला विणीचे वय यायला अजून अवकाश असतो; ते चढते, दगड निवडते, शेवाळ खाते, वाढते, आणि पुढे त्याच ओढ्यात अंडी घालते. म्हणून दोन्ही चढणी बाहेरून सारख्या दिसल्या, तरी आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर घडतात.

प्रश्न : ज्या माशाचे पिल्लू समुद्रातून येते, त्याला गोड्या पाण्यातला मासा कसे म्हणायचे? त्याचा खरा अधिवास कोणता मानावा? — एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : प्रश्न नेमका आहे, आणि या माशाविषयी जे सर्वांत महत्त्वाचे ते याच प्रश्नाच्या उत्तरात सामावलेले आहे. नोपिलीचा अधिवास म्हणून एखादा डोह किंवा ओढ्याचा एखादा टप्पा दाखवता येत नाही. डोंगराच्या पोटातल्या प्रवाहापासून नदीच्या मुखापर्यंत आणि तेथून पुढे खुल्या समुद्रापर्यंत न तुटलेले पाणी, हा त्याचा अधिवास आहे. या लांबलचक वाटेतील प्रत्येक भाग त्याला आयुष्याच्या एका ठरावीक काळात लागतो आणि त्यांपैकी एक जरी नसला, तरी उरलेले भाग कितीही उत्तम असोत, त्यांचा त्याला उपयोग होत नाही.

क्रमाने पाहू. मोठा नोपिली स्वच्छ, गार, वेगाने वाहणाऱ्या आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यात, मोठमोठ्या दगडगोट्यांच्या तळावर राहतो. हवाईचे ओढे आखूड आणि फार चढाचे असतात. कौआई बेटावरील वाइआलेआले शिखरावर वर्षाला सरासरी अकरा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि अशा डोंगरांवरून उतरणाऱ्या ओढ्याला काही तासांत पूर येतो व काही तासांत तो ओसरतोही. पुराच्या पाण्याने उलथलेल्या दगडांवर कोवळे शेवाळ पुन्हा धरते, आणि सूर्यप्रकाशात वाढलेले हेच पातळ, ताजे शेवाळ नोपिलीला हवे असते. गाळाने माखलेल्या दगडावर त्याचे काही चालत नाही. विणीच्या दिवसांत मादी दगडाच्या आडोशाला हजारो सूक्ष्म अंडी चिकटवते आणि नर त्यांची राखण करतो.

अंड्यांतून निघणारी पिल्ले जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असतात. त्यांना प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही आणि तशी गरजही नसते. प्रवाह त्यांना समुद्राकडे नेतो. मात्र हे लवकर घडावे लागते. सोबत आणलेली बलकाची शिदोरी काही दिवसांतच संपते आणि गोड्या पाण्यात त्यांना खाण्यासारखे काही मिळत नाही, त्यामुळे वेळेत खाऱ्या पाण्यात न पोहोचलेले पिल्लू उपाशी मरते. पुढचे काही महिने ती समुद्रात काढतात. माशांच्या कानातील लहानशा हाडात रोज एक कडे वाढते. ती कडी मोजून या काळाचा अंदाज बांधता येतो. अलामोओच्या बाबतीत हा काळ तीन महिन्यांच्या आसपास, तर नाकेआच्या बाबतीत पाच महिन्यांहून अधिक भरतो. त्यानंतर पिल्ले थव्यांनी नदीमुखाशी येतात. पूर्वी हे थवे फार दाट असत; हवाईतील लोक त्यांना हिनाना म्हणत आणि जाळ्यांनी भरभरून पकडत.

समुद्रात जाऊन परत येणाऱ्या माशांत सामन आणि वाम यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत असतात. सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो. गोड्या पाण्यातील वामीच्या काही जाती याच्या उलट करतात. नोपिली या दोघांहून वेगळा आहे, कारण त्याची वीणही गोड्या पाण्यात होते आणि वाढही गोड्याच पाण्यात होते, केवळ शैशव तेवढे समुद्रात जाते. शिवाय सामन ज्या नदीत जन्मला तिच्याकडेच परततो, तसे नोपिलीचे नसते. समुद्रात सगळ्या बेटांची पिल्ले एकत्र मिसळतात आणि ज्या ओढ्याचे गोडे पाणी जवळ लागेल त्यात शिरतात. म्हणजेच एखाद्या ओढ्यातल्या नोपिलींचे आईवडील भलत्याच बेटावरचे असू शकतात, आणि एका बेटावर ओढे नासले तर त्याची झळ दुसऱ्या बेटालाही लागू शकते.

या मिसळण्यातून एक अतिशय सुंदर अभ्यास निघाला आहे. ओढ्याच्या खालच्या, सपाट भागात अकुपा, म्हणजे इलिओट्रिस सँडविसेन्सिस, हा शिकारी मासा दबा धरून असतो. त्याच्या पोटाचे पर जुळलेले नसतात, त्यामुळे त्याला चढता येत नाही आणि पहिल्या धबधब्याच्या वर तो कधीच जात नाही. हवाई बेटावर पुष्कळ ठिकाणी धबधबे किनाऱ्याच्या अगदी जवळ आहेत. तेथे पिल्लांची मुख्य परीक्षा चढाईची असते. कौआई जुने, झिजलेले बेट असल्याने तेथे ओढ्यांचा सपाट भाग लांब आहे आणि मुख्य परीक्षा अकुपाच्या तोंडून निसटण्याची असते. चढाईला सडपातळ अंग बरे, तर झटकन हुलकावणी द्यायला काहीसे उंच अंग बरे. संशोधकांनी दोन्ही बेटांवरील नोपिलींच्या बांध्याची तुलना केली, तेव्हा याच दिशेचे फरक त्यांना दिसले. पिल्ले सगळ्या बेटांची मिसळलेली असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते: हा फरक बेटागणिक जपलेल्या वेगळ्या वंशांचा नाही, तर प्रत्येक पिढीत, प्रत्येक ओढ्यात, कोण वाचले आणि कोण वाचले नाही यातून तो नव्याने घडत असला पाहिजे.

तेव्हा आपल्या वहीत या माशापुढे "गोड्या पाण्यातील" असे लिहायला हरकत नाही, कारण त्याचे मोठेपण आणि वीण तेथेच होते. नकाशावर त्याचा अधिवास रंगवायचा झाला, तर मात्र ओढ्याची सबंध रेघ आणि तिच्यापुढचा समुद्र, दोन्ही रंगवावे लागतील.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो आणि माउई बेटावर जाऊन आलो. तेथील काही ओढ्यांचे पाणी शंभराहून अधिक वर्षे उसाकडे वळवलेले होते, असे तेथील फलकांवर वाचले. धबधबे चढणाऱ्या माशाला एखाद्या पाटाचा अडसर का व्हावा? — एक वाचक, सिएटल

उत्तर : कारण धबधब्यावर पाणी असते आणि पाटाच्या खाली ते उरत नाही.

माउईच्या पूर्व उतारावर १८७० च्या दशकात उसासाठी पहिला मोठा पाट खोदला गेला आणि पुढील काही दशकांत बोगदे व पाट यांचे जाळेच उभे राहिले. पावसाळी, ओल्या उतारावरचे ओढे मध्येच अडवून त्यांचे पाणी बेटाच्या कोरड्या मैदानाकडे नेण्यात आले. अशा ठिकाणी ओढ्याच्या पात्रात आडवी भिंत किंवा लोखंडी जाळी बसवलेली असते आणि पुराखेरीज एरवीचा सगळा प्रवाह पाटात वळतो. त्याखाली काही अंतर नुसते दगड उरतात, मधूनमधून साचलेली डबकी दिसतात. समुद्रातून आलेले पिल्लू उभा ओला कातळ चढेल, परंतु कोरडे पात्र ओलांडण्याचा त्याच्याजवळ काहीच उपाय नाही. मुळात मुखाशी गोड्या पाण्याचा प्रवाहच क्षीण झाला, तर ओढा आहे हे समुद्रातल्या थव्याला कळणार तरी कसे? दुसरी बाजू तर अधिक वाईट आहे. अडथळ्याच्या वर जे मासे टिकून आहेत, त्यांची पिल्ले प्रवाहाबरोबर खाली येतात आणि पाण्यासोबत पाटात शिरतात. तो पाट समुद्राला मिळत नाही. शेतात संपतो.

आणखी एक तपशील आपल्याकडील बांधकामांनाही लागू पडेल असा आहे. या माशांना उभी भिंत चढता येते, परंतु जेथे पाणी कडेवरून सुटून अधांतरी पडते आणि मागची बाजू आत गेलेली व कोरडी असते, तेथे त्यांना धरायला ओला पृष्ठभागच राहत नाही. पात्राच्या तळापासून फूटभर वर टांगलेली रस्त्याखालची मोरीसुद्धा अशी वाट बंद करू शकते, जरी तिच्या मागे दिसणारा धबधबा त्यांनी सहज सर केला असता.

हवाईच्या मूळ रहिवाशांनीही ओढ्यांतून पाणी काढले होते, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांचे मुख्य अन्न काळो, म्हणजे आपल्याकडच्या अळूच्याच जातीचे कंद, आणि त्यासाठी पाण्याने भरलेली खाचरे लागत. परंतु त्या पाटांतून खाचरांत गेलेले पाणी फिरून त्याच ओढ्याला मिळत असे, आणि डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा सबंध पट्टा अहुपुआआ या एकाच घटकात धरून त्याची व्यवस्था पाहिली जाई. या व्यवस्थेत शेकडो वर्षे शेतीही झाली आणि मासेही टिकले. नाकेआ तर खाण्यातला आवडता मासा होता, आणि नोपिलीला काही घरगुती मंगलविधींत मान होता. उसाच्या पाटांनी पाणी एका खोऱ्यातून उचलून दुसऱ्या बाजूला नेले आणि ते परत दिलेच नाही, हा त्यांतला मूलभूत भेद आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. हवाईच्या राज्यघटनेत १९७८ साली पाणी ही लोकांसाठी सांभाळायची ठेव असल्याचे तत्त्व आले आणि १९८७ साली पाण्याविषयीचा स्वतंत्र कायदा झाला. ओआहू बेटावरील वाइआहोले पाटाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली या तत्त्वाला ठाम आधार दिला. पूर्व माउईतील अळू पिकवणाऱ्या स्थानिकांनी २००१ साली २७ ओढ्यांसाठी अर्ज केला. २०१६ च्या अखेरीस राज्यातला शेवटचा साखर कारखाना बंद पडला, आणि २०१८ साली राज्याच्या जलआयोगाने त्यांतील अनेक ओढ्यांत पाणी सोडण्याचा, काहींत तर सगळेच पाणी सोडण्याचा, आदेश दिला. अर्जापासून या आदेशापर्यंत सतरा वर्षे गेली. यात माशांच्या बाजूने एक अनुकूल गोष्ट आहे, आणि ती त्यांच्या समुद्रातल्या शैशवामुळेच शक्य होते: ओढा कोरडा पडून तेथील मासे संपले असले, तरी पाणी पुन्हा समुद्रापर्यंत वाहू लागले की इतर ओढ्यांची पिल्ले आपोआप तेथे शिरू शकतात. बाहेरून मासे आणून सोडावे लागत नाहीत. म्हणूनच पाणी परत देण्याचा आग्रह धरणाऱ्या लोकांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

पाण्याखेरीज इतरही संकटे आहेत. ओआहूवर अनेक ओढे पुरापासून बचावासाठी सिमेंटच्या रुंद गटारांत बांधून काढले गेले. त्यांतले उथळ पाणी उन्हाने तापते आणि दगड तर उरतच नाहीत. गप्पी व त्याच्या जातकुळीतील मासे, तिलापिया आणि इतर पाहुण्या जाती ओढ्यांत सोडल्या गेल्या, आणि गप्पीच्या कुळातील माशांबरोबर कमॅलॅनस कॉटी हा आतड्यात राहणारा परजीवी कृमीही आला, जो आता तेथील मूळ माशांतही आढळतो. डास मारण्यासाठी आपल्याकडेही जागोजागी गप्पी सोडले जातात. साचलेल्या टाकीत त्यांचा उपयोग होतो, पण वाहत्या ओढ्यात ते सोडू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मत्स्यालयाच्या दुकानात शेवाळ खाणारे, काचेला चिकटणारे रंगीत छोटे गोबी मिळतात. नोपिली तसाच पाळता येईल का, आणि त्याची पैदास घरी होईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नोपिली केवळ हवाई बेटांवर आढळतो आणि तो तेथेच असावा. दुकानांत जे दिसतात, ते बहुधा स्टिफोडॉन या त्याच्या नात्यातील प्रजातीचे मासे असतात आणि ते आग्नेय आशियातील वा प्रशांत महासागरातील बेटांच्या ओढ्यांतून पकडून आणलेले असतात. घरच्या टाकीत त्यांनी अंडी घातली, तरी पिल्लांना काही दिवसांत समुद्राचे पाणी आणि त्यातले अतिसूक्ष्म खाद्य लागते, त्यामुळे ती वाढवणे घरी जवळजवळ अशक्यच असते. आपल्याकडे असे मासे आधीच असतील, तर वेगाने फिरणारे व भरपूर हवा खेळणारे पाणी, वाटोळे गोटे आणि त्यांवर शेवाळ धरेल इतका प्रकाश ठेवावा. नुसत्या कोरड्या खाद्यावर हे मासे हळूहळू पोट खपाटीला जाऊन मरतात.

प्रश्न : निवटी हा गोबीच असे कळले. मग सह्याद्रीच्या ओढ्यांत धबधबे चढणारा एखादा भाऊबंद आहे का? — एक वाचक, देवगड

उत्तर : आहे. खाडीच्या चिखलात परांवर उड्या मारणारी निवटी, नद्या-तळ्यांतला खरबा आणि हवाईचा नोपिली हे सगळे गोबींच्या मोठ्या गोतावळ्यातले आहेत. हल्लीच्या वर्गीकरणात तर नोपिली खरब्यापेक्षा निवटीला अधिक जवळचा धरला जातो, आणि चिखलात राहणारा एक व कड्यावर चढणारा दुसरा यांचे एकाच कुळात असणे मला फार मोलाचे वाटते, कारण दोघांनीही पाण्याच्या काठाशी थांबायचे नाकारले आहे.

नोपिलीच्या थेट प्रजातीतला, म्हणजे सिसिओप्टेरस प्रजातीतला, सिसिओप्टेरस ग्रिसियस हा मासा भारताच्या पश्चिम किनाऱ्याला मिळणाऱ्या नद्यांत राहतो. त्याचे वर्णन १९व्या शतकात भारतीय माशांचे थोर अभ्यासक फ्रान्सिस डे यांनी दक्षिण कॅनरा भागातील नमुन्यांवरून केले, आणि केरळात त्याच्या नोंदी चांगल्या आहेत. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर याच प्रजातीतला सिसिओप्टेरस लॅगोसेफॅलस आढळतो. तेथे समुद्रातून नदीमुखाशी येणारी त्याची पिल्ले बिशीक या नावाने पकडली जातात आणि त्यांचा रस्सा भातासोबत खाल्ला जातो. त्या भाजीला तेथे कारी म्हणतात आणि तिला फार मागणी असते. प्रजातीतल्या सगळ्यांचा जीवनक्रम समुद्राशी बांधलेला असल्यामुळे आपल्याकडच्या माशासाठीही ओढ्याच्या वरच्या टप्प्याइतकेच त्याचे मुख महत्त्वाचे आहे, आणि मुखाशी घातलेला बंधारा वा वाळूउपसा त्याच्या वाटेत येतो.

आपण किंवा इतर वाचकांनी कोकणातल्या वहाळांत असा मासा शोधायचा झाल्यास पावसाळ्यानंतर, पाणी निवळल्यावर, वेगाच्या प्रवाहातील मोठ्या गोट्यांच्या अंगावर पाहावे. डोहाच्या चिखलट तळावर तो मिळायचा नाही. दगडावर शेवाळाच्या थरात मधूनच स्वच्छ खरवडलेले पट्टे दिसले, तर शेवाळ खाणारा एखादा मासा जवळपास आहे असे समजावे. मात्र मळ्यासारखे इतर मासेही दगड खरवडतात, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मासा ओल्या हाताने, पाण्याच्या पृष्ठभागाशीच धरून काही क्षण उलटा करावा. पोटाचे पर जुळून वाटोळी चकती झालेली असेल तर तो गोबी. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला आणि वरचा ओठ जाड असेल, तर तो सिसिओप्टेरस असण्याची शक्यता बरीच आहे. खरब्याचे तोंड समोर असते आणि खालचा जबडा पुढे आलेला असतो, त्यामुळे दोघांत गफलत होणार नाही. आम्हाला छायाचित्र पाठवताना पाठीच्या बाजूचे एक आणि पोटाच्या बाजूचे एक, अशी दोन पाठवावीत, ओढ्याचे नाव व समुद्रापासूनचे अंदाजे अंतर लिहावे, आणि मासा जेथे सापडला त्याच दगडापाशी परत सोडावा.